अक्षरांचा साज : कोठें शोभतो, कोठें खुपतो

कोणत्या प्रसंगीं कोणता दागिना घालावा व कोणता पेटींत ठेवावा, हा विवेक आपल्या घरांतील वडील स्त्रियांस चांगला असतो. अक्षरांच्या साजाविषयीं मात्र इतका विचार क्वचितच होतो. संगणकावर शेंकडों वळणांचीं अक्षरें हातांशीं असल्यामुळें लग्नपत्रिका असो वा दुकानाचा फलक असो, जें डोळ्यांत भरेल तें उचलावें, अशी प्रवृत्ति वाढली आहे. म्हणून नटव्या अक्षरांचें मूळ काय व त्यांची योग्य जागा कोणती, हें थोडक्यांत सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

उदाहरणासाठीं मालवण तालुक्यांतील देवबाग घेऊं. एका अंगास कर्ली नदी व दुसऱ्या अंगास अरबी समुद्र, अशा चिंचोळ्या पट्टीवर हें गांव वसलें आहे. मासेमारी हा येथील जुना धंदा. अलीकडे पर्यटनाची त्यास जोड मिळाली आहे. होडीच्या नाळेवरील नांव आणि वाटेवरील ‘निवास व न्याहारी’ची पाटी, या दोन्ही ठिकाणीं अक्षरांस पोटापाण्याचें काम करावें लागतें. नांव हालत्या पाण्यावरून ओळखूं आलें पाहिजे, पाटी चालत्या गाडींतून वाचतां आली पाहिजे. शिवाय खारा वारा व ऊन यांनीं रंग झिजतो, आणि झिजतांना पहिल्यानें बारीक रेघ जाते. नटव्या अक्षराची परीक्षा होते ती अशाच जागीं.

रोमन अक्षरांच्या टोकांस ज्या लहान आडव्या रेघा असतात त्यांस इंग्रजींत सेरिफ म्हणतात. इ. स. ११३ मध्यें रोम येथें उभारलेल्या ट्रॅजन सम्राटाच्या स्तंभावरील लेख हा त्यांचा प्रसिद्ध नमुना होय. एडवर्ड कॅटिच या अमेरिकन धर्मगुरूनें १९६८ सालीं असें प्रतिपादिलें कीं, हीं टोकें छिन्नीनें जन्मलीं नसून, दगडावर आधीं चपट्या कुंचल्यानें अक्षरें रंगवीत असतां कुंचला वळवितांना सहज उमटलीं. हें मत खरें मानल्यास सेरिफ म्हणजे वरून चिकटविलेला दागिना नव्हे. ती हाताच्या चालीची खूण आहे. पुढें एकोणिसाव्या शतकांत जाहिरातींचा सुकाळ झाला, तेव्हां इंग्लंडांतील ओतकारखान्यांनीं जाड रेघा फुगवून व बारीक रेघा केसासारख्या करून भपकेबाज अक्षरें काढलीं. तीं चार शब्दांपुरतीं होतीं, ग्रंथ छापण्यासाठीं नव्हतीं.

आपल्या बाळबोध अक्षरांस सेरिफ नाहीं. त्यांचें सौंदर्य बोरूच्या छाटांतून आलेल्या जाड-बारीक रेघांत आहे. हा छाट रोमन लेखणीच्या उलट असतो. हें वळण खिळ्यांत उतरविण्याचें श्रेय मोठ्या अंशानें जावजी दादाजी यांच्या निर्णयसागरास आहे. जावजींनीं १८६४ सालीं ओतकारखाना व १८६९ सालीं छापखाना काढला. राणूजी रावजी आरू या कुशल कारागिरानें त्यांच्यासाठीं ठसे कोरले. पिढ्यान् पिढ्या वाचूनही ते खिळे डोळ्यांस शिणवीत नसत.

आतां अलीकडचीं दोन वळणें पाहूं. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीनें २०१४ मध्यें काढलेलें ‘रोझा’ हें त्या भपकेबाज सेरिफ अक्षरांच्या जातीचें असून त्यांत देवनागरी व रोमन अशा दोन्ही लिपी आहेत. जाड रेघ अतिशय जाड, बारीक अतिशय बारीक. पत्रिकेवर वधूवरांचीं नांवें मोठ्या आकारांत त्यांत फार खुलतात. परंतु होडीवर त्याच्या बारीक रेघा टिकावयाच्या नाहींत. दुसरें ‘यात्रा’. मुंबईच्या लोकल रेल्वेवरील हातानें रंगविलेल्या पाट्यांवरून तें घेतलें असून, देवनागरी पद्धतीनें धरलेल्या कुंचल्याचा कोन त्यांत राखला आहे. रंगाऱ्याच्या हातांतून आलेलें असल्यामुळें उघड्यावरील पाटीस तें अधिक मानवतें.

यावरून घरच्या कार्यासाठीं तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, नटवें अक्षर नांवास व मथळ्यास द्यावें. तिथि, वेळ, स्थळ व निमंत्रकांचीं नांवें साध्या अक्षरांतच छापावीं. दुसरी, जागेंत बसावें म्हणून अक्षर संगणकावर ताणूं वा दाबूं नये. रुंदींत दाबलें कीं काना बारीक होतो आणि शिरोरेघ मात्र तशीच जाड राहते. कारागिरानें साधलेला तोल त्यामुळें बिघडतो. जागा अपुरी असेल तर आकार कमी करावा, नाहींतर शब्द कमी करावे. तिसरी, छापण्यापूर्वीं नमुना घरांतील वडील माणसांच्या हातीं द्यावा व त्यांस चष्म्यानिशीं, परंतु कोणाच्या मदतीवांचून, वाचूं द्यावा. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘श्र’ अशीं जोडाक्षरें तेथें अडलीं, तर तें वळण कितीही मोहक असलें तरी टाकावें. ज्या आजोबांच्या नांवानें निमंत्रण जातें त्यांसच तें वाचतां येऊं नये, यापरतें वैगुण्य कोणतें?

देवबागेसारख्या ठिकाणीं जे रंगारी अजून कुंचल्यानें नांव घालतात त्यांना अंतर, ऊन व पृष्ठभाग यांचा अंदाज अनुभवानें आलेला असतो. छापील फ्लेक्स स्वस्त पडतो खरा. पण घराची कायमची पाटी करावयाची असल्यास आधीं अशा हाताचा शोध घ्यावा. चार पैसे अधिक पडले तरी अक्षर कसें असावें हें जाणणारा माणूस गांवांत टिकून राहील, आणि पाटी दुरून वाचतां येईल.