मध्य-पृथ्वीचं कॅलेंडर: ते दोन दिवस कोणी वाढवले?

या भागात आकडे बरेच आहेत, आणि ऐकताना आकडे कानातून निसटतात. म्हणून हा भाग नेहमीपेक्षा थोडा सावकाश लिहून काढलाय. कागद-पेन्सिल जवळ असेल तर उत्तमच.

सुरुवात चुकीपासून, आणि चूक माझीच. गेल्या वर्षी २२ सप्टेंबरला मी मोठ्या उत्साहात सांगितलं होतं, "आज बिल्बो आणि फ्रोडोचा वाढदिवस!" त्यावर एका श्रोत्याने एका ओळीत विचारलं, "ताई, कुणाच्या कॅलेंडरप्रमाणे?" मला आधी हसू आलं. सप्टेंबर म्हणजे सप्टेंबर, त्यात कुणाचं काय? मग 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा तिसरा खंड काढला, शेवटची परिशिष्टं उघडली आणि त्यातलं परिशिष्ट 'डी' वाचायला बसले. कथा वाचताना ही पानं मी दर वेळी सरळ उलटून टाकली होती. तुमच्यापैकीही अनेकांनी तेच केलं असणार, खरं सांगा!

१९५५ साली छापलेल्या त्या पानांमध्ये टोल्किनने एका संपूर्ण काल्पनिक जगाची कालगणना मांडली आहे. नुसती महिन्यांची नावं नाहीत. लीप वर्षं कशी धरायची, चुका कशा साचल्या, त्या कुणी सुधारल्या, सगळं.

आधी हॉबिटांचं बघू

शायरचं कॅलेंडर सगळ्यात सुटसुटीत. बारा महिने, प्रत्येक महिना ३० दिवसांचा. झाले ३६०. उरलेले पाच दिवस कुठल्याच महिन्यात नाहीत. दोन 'यूल' हिवाळ्यात: एक वर्षाचा शेवटचा दिवस, दुसरा नव्या वर्षाचा पहिला. बाकीचे तीन उन्हाळ्यात, जून आणि जुलैच्या मध्ये: पहिला लिथ, मध्यवर्ष-दिन, दुसरा लिथ. लीप वर्षी मध्यवर्ष-दिनानंतर आणखी एक दिवस. हे सगळे सुट्टीचे, खाण्यापिण्याचे दिवस. हॉबिटच ते!

आता गंमत. ३६५ ला ७ ने भागलं की १ उरतो. म्हणून आपल्याकडे दर वर्षी वार एकाने पुढे सरकतो. हॉबिटांना ही कटकट नको होती. त्यांनी ठरवलं की मध्यवर्ष-दिनाला वारच द्यायचा नाही, आणि लीपच्या जादा दिवसालाही नाही. उरले ३६४ दिवस, म्हणजे बरोबर ५२ आठवडे. प्रत्येक वर्ष शनिवारी सुरू होणार आणि शुक्रवारी संपणार. एकदा भिंतीवर टांगलेलं कॅलेंडर नातवंडांनाही चालेल.

करून बघा. दुसरा यूल शनिवारी, म्हणजे १ जानेवारी रविवारी. महिना ३० दिवसांचा, म्हणून पुढच्या महिन्याची पहिली तारीख दोन वार पुढे: फेब्रुवारी मंगळवारी, मार्च गुरुवारी, एप्रिल शनिवारी, मे सोमवारी, जून बुधवारी. आता जुलैची पहिली शुक्रवारी यायला हवी ना? पण मध्ये लिथचे दोन वारवाले दिवस आहेत, त्यामुळे ती जाते रविवारी आणि तेच चक्र पुन्हा सुरू होतं. म्हणजे पहिली तारीख शुक्रवारी कधीच येत नाही! म्हणूनच शायरमध्ये 'शुक्रवारी, पहिल्या तारखेला' हा थट्टेचा वाक्प्रचार झाला. आपण 'सूर्य पश्चिमेला उगवेल तेव्हा' म्हणतो ना, अगदी तसा.

मला हे वाचून टोल्किनपुढे हात जोडावेसे वाटले. कॅलेंडर बनवणारे लेखक खूप आहेत. त्या कॅलेंडरमधूनच लोकांच्या तोंडी विनोद यावा, आणि तो गणिताने तपासला तर बरोबर निघावा, हे विरळा.

मग वाढदिवस कधी?

टोल्किन सांगतो की मध्यवर्ष-दिन साधारणपणे उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी यावा अशी योजना होती. तसं धरलं तर आपली १ जानेवारी म्हणजे शायरची जवळपास ९ जानेवारी. शायरची २२ सप्टेंबर हा त्यांच्या वर्षाचा २६६ वा दिवस. त्यातून ९ वजा केले की आपल्या वर्षाचा २५७ वा दिवस येतो, म्हणजे १४ सप्टेंबर. माझ्या शुभेच्छा आठवडाभर उशिरा पोचल्या होत्या. श्रोतेहो, माफी असावी.

साम्राज्याचं कॅलेंडर आणि साचत जाणारी चूक

हॉबिटांनी हे सगळं शून्यातून बनवलं नव्हतं. मूळ पद्धत न्यूमेनॉरची, समुद्रातल्या बेटावरच्या बलाढ्य साम्राज्याची. त्यांचा दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत, आपल्या पंचांगासारखा. त्यांच्याही आधीच्या एल्फांचा मात्र सूर्यास्तापासून सूर्यास्तापर्यंत. एल्फांच्या वर्षात ऋतूही सहा होते, पण सगळे सारखे नाहीत: काही ५४ दिवसांचे, काही ७२ चे.

न्यूमेनॉरचा लीप नियम असा: दर चौथं वर्ष लीप, पण शतकाचं शेवटचं वर्ष नाही. म्हणजे हजार वर्षांत २४० जादा दिवस. पण खरं सौरवर्ष ३६५ दिवस ५ तास ४८ मिनिटं ४६ सेकंदांचं. त्या हिशोबाने हजार वर्षांत २४२ दिवसांहून थोडे जास्त लागतात. म्हणून हजाराव्या वर्षी भर घालायची. तरीही दर सहस्रकाला ४ तास ४६ मिनिटं ४० सेकंदांची तूट राहतेच. हा आकडा टोल्किनने स्वतः दिलाय. मी कॅल्क्युलेटरवर करून पाहिला, सेकंदापर्यंत जुळतो.

इथपर्यंत हे झालं गणित. यापुढे इतिहास सुरू होतो.

न्यूमेनॉर बुडालं. वाचलेल्यांनी मध्य-पृथ्वीवर नवी राज्यं वसवली आणि कॅलेंडर सोबत आणलं. मग नवं युग सुरू झालं, वर्षं पुन्हा १ पासून मोजली गेली, आणि त्यात लीप वर्षाची पाळी एक वर्ष पुढे गेली. सहस्रकाची भर जुन्या गणनेप्रमाणे घालायला हवी होती, ती नव्या गणनेप्रमाणे घातली. म्हणजे ४४१ वर्षं उशिरा. चूक साचत गेली.

तिसऱ्या युगाच्या २०५० साली गॉन्डोरचा राजा एआर्नूर शत्रूच्या आव्हानाला उत्तर द्यायला गेला तो परतलाच नाही. त्याला वारस नव्हता. कारभार राजाच्या कारभाऱ्याकडे, मार्डिलकडे आला. मार्डिलने मुकुट घातला नाही. पण २०५९ सालात त्याने दोन दिवस वाढवले आणि २०६० पासून सुधारित कॅलेंडर लागू केलं. सगळे महिने ३० दिवसांचे, उरलेले पाच दिवस महिन्यांबाहेर. हॉबिट सोडून बहुतेकांनी ते पुढे स्वीकारलं. सिंहासनावर न बसता राज्य कसं चालवायचं, हे याहून नेमकं कसं दाखवणार? लोकांना राजा नाही हे विसरता येत नव्हतं. पण उद्या कोणती तारीख, याचं उत्तर देणारा कुणीतरी आहे, एवढं त्यांना कळलं.

पुढे २३६० साठी हाडोर नावाच्या कारभाऱ्याने आणखी एक दिवस घातला. खरी तूट तेव्हा पूर्ण दिवसाची झालीही नव्हती. त्यानंतर दुरुस्ती नाही. ३००० साली सहस्रकाची भर घालायची वेळ आली तेव्हा युद्ध दाराशी होतं, आणि या गोष्टीकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

हे वाक्य वाचून मी थांबले. लढाया, राक्षस, जळणारी शहरं हे सगळं कादंबरीत आहेच. पण एक राज्य थकलंय हे मला सगळ्यात जास्त जाणवलं ते इथे. लीपचा दिवस घालायचा राहून गेला.

नवा राजा, नवी गणना

युद्ध संपल्यावर अरागॉर्नच्या राज्यात नवी गणना आली. वर्षाचा पहिला दिवस २५ मार्च, कारण त्या दिवशी सॉरॉनचा नाश झाला. (इंग्लंडमध्येही १७५२ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चलाच सुरू व्हायचं. टोल्किनला हे नक्कीच ठाऊक असणार.) आणि लीपचा जादा दिवस? तो फ्रोडोच्या वाढदिवसाला जोडला. लीप वर्षी तो सण दोन दिवसांचा. एवढ्या मोठ्या राज्याने वर्षाचा हिशोब एका छोट्या हॉबिटच्या वाढदिवसावर टांगला! शायरने मात्र आपली जुनी सालगणना चालूच ठेवली.

नवा राजा आणि नवा शक, हे आपल्याला नवीन नाही. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेक शक सुरू केला तेव्हा वर्ष बदलायचा दिवस चैत्र शुद्ध प्रतिपदा नव्हता, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी होता. राज्य आमचं, तर साल कुठून मोजायचं तेही आम्हीच ठरवू, हा त्यातला अर्थ.

आणि माझ्या वाढदिवसाच्या घोटाळ्याचं मोठं भावंडही इथेच आहे. राज्याभिषेकाची तारीख आपण ६ जून १६७४ म्हणतो. ती ज्युलियन कॅलेंडरची तारीख. तेव्हाचे इंग्रज तेच वापरत होते, आणि १७५२ पर्यंत वापरत राहिले. आजच्या ग्रेगोरियन कॅलेंडरप्रमाणे तो दिवस येतो १६ जून. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ ही तिथी मात्र जागच्या जागी आहे. यात कुणाचा सोहळा चूक, कुणाचा बरोबर असं मला म्हणायचं नाही. दोन्ही दिवशी रायगडावर माणसं जातात, आणि जावीत. फक्त "कुणाच्या कॅलेंडरप्रमाणे?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, हे मला पटलंय.

तुमच्यापैकी जे स्वतःचं काल्पनिक जग लिहिताहेत, त्यांना एकच सांगते. महिन्यांना सुंदर नावं देऊन थांबू नका. तुमच्या कॅलेंडरात वर्षाला किती मिनिटं कमी पडतात, ते काढा. मग ती भरून काढायचा अधिकार कुणाला आहे ते ठरवा, आणि कोणत्या वर्षी ते राहून गेलं तेही. तुमच्या साम्राज्याचा अर्धा इतिहास तिथेच सापडेल.

या वर्षी फ्रोडोचा वाढदिवस मी १४ सप्टेंबरला साजरा करणार आहे. २२ ला पुन्हा केक कापला तर कृपया कळवू नका. भेटू पुढच्या भागात!