"गाडी दे ना यार, दोन मिनिटांत येतो!"

होस्टेलवर हे वाक्य कोणी ऐकलं नाही? समजा, तुमची बाईक घेऊन मित्र सुसाट निघाला आणि कोपऱ्यावर एका आजोबांना धडकला. आजोबांचा पाय मोडला. आता एकाच अपघातातून दोन प्रकरणं सुरू होतात.

पहिलं फौजदारी, म्हणजे शासन विरुद्ध तुमचा मित्र. "मी मुद्दाम नाही केलं," हा बचाव इथे चालत नाही, कारण असा बेदरकारपणा हाच गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ प्रमाणे अशा गंभीर दुखापतीला ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो.

दुसरं दिवाणी. याला म्हणतात टॉर्ट, मराठीत अपकृत्य. इथे तुरुंग नाही, नुकसानभरपाई. आजोबा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जातात. तिथे कोणाची बाजू जास्त संभवनीय, एवढंच तोललं जातं. म्हणून फौजदारीत निर्दोष सुटलेल्यालाही इथे भरपाई द्यावी लागू शकते.

आणि तुम्ही? तुम्ही तर खोलीत झोपला होतात! पण गाडीचे मालक म्हणून भरपाईच्या दाव्यात तुमचंही नाव येतं. इन्शुरन्स संपलेला असेल तर पैसे खिशातून. मित्राकडे लायसन्स नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८० खाली गाडी देणाऱ्याला ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

गाडी बाबांच्या नावावर आहे? मग नोटीस थेट घरी! तेव्हा मित्रांनो, चावी देण्याआधी लायसन्स बघा. दोस्ती तुटत नाही त्याने.