पदक खरं की ओतलेलं?

वाशिमच्या बाजारात कुणी पहिल्या महायुद्धाचं चांदीचं ‘ब्रिटिश वॉर मेडल’ विकायला काढलं, तर त्यावरचा राजाचा चेहरा मागाहून पाहा. जुन्या रुपयासारखं आधी कडेवर बोट फिरवा.

खरं पदक नाण्यासारखं ठशांखाली दाबून घडवतात. चांदी ठशाच्या कानाकोपऱ्यात शिरते, म्हणून राजाची दाढीसुद्धा रेखीव उठते. नकली पदक बहुधा खऱ्यावरून साचा घेऊन ओतलेलं असतं. वीट वाळली की साच्याहून लहान भरते, तसा निवताना धातूही आकसतो. व्यास ३६ मिलिमीटरच्या आत येतो, अक्षरं बोथट होतात, अडकलेल्या हवेचे बारीक खड्डे भिंगातून दिसतात.

दुसरी लबाडी अधिक वाईट. पदक अस्सल, पण कडेवरचं सैनिकाचं नाव, क्रमांक घासून तिथे दुसरंच नाव ठोकलेलं. घासलेली चांदी परत येत नाही. दोन-तीन दिशांनी मोजलं की व्यास कमी-जास्त भरतो. एका जवानाचं नाव असं पुसलं जातं, याची मला चीड येते.

मात्र ओतलेलं प्रत्येक पदक खोटं नसतं. १९४४ मध्ये इटलीत धारातीर्थी पडलेल्या यशवंत घाडगे यांना मरणोत्तर मिळालेला व्हिक्टोरिया क्रॉस मुळातच कांस्यात ओततात आणि मग हाताने कोरून रेखीव करतात.