माहितीपत्रकात नसलेले आकडे विचारा

बारावीचा निकाल लागला की मुले-मुली महाविद्यालयांची माहितीपत्रके घेऊन आमच्याकडे येतात. त्यात रंगीत इमारत असते, नोकरी लागलेल्यांचे फोटो असतात आणि ठळक अक्षरात नॅकची श्रेणी असते. श्रेणी पाहिली की पालक निश्चिंत होतात. पण ही श्रेणी संपूर्ण महाविद्यालयाला मिळते. आपण ज्या शाखेत बसणार ती कशी आहे, हे तिच्यावरून कळत नाही. अभियांत्रिकीत अभ्यासक्रमाचे मूल्यांकन एनबीए करते. एकाच महाविद्यालयातल्या एका शाखेला ते मिळालेले असते, शेजारच्या शाखेला नसते.

म्हणून आम्ही मुलांना आधी शिक्षक मोजायला सांगतो. अभियांत्रिकी पदवीसाठी एआयसीटीईचा निकष २० विद्यार्थ्यांमागे १ शिक्षक असा आहे. ६० जागांची शाखा असेल तर चार वर्षांचे २४० विद्यार्थी, म्हणजे १२ शिक्षक हवेत. संकेतस्थळावरची नावे मोजा, आणि त्यातले किती जण खरोखर वर्गावर येतात हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. कला-वाणिज्य शाखेत विचारायचे ते असे: कायम शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावर किती? तासिकेवरचे शिक्षक मेहनत घेत नाहीत असे मुळीच नाही. पण पोटासाठी त्यांना तास संपताच दुसरे महाविद्यालय गाठावे लागते, आणि घरातून पहिल्यांदाच पदवीला आलेल्या मुलीला तासानंतर शंका विचारायला कोणी उरत नाही.

वर्गात मुले कमी, म्हणजे शिक्षण चांगले, असेही समजू नका. ६० पैकी १५ जागाच भरत असतील तर त्या शाखेवर संस्था किती काळ खर्च करील? मागच्या तीन वर्षांत मंजूर जागा किती होत्या, भरल्या किती, हे विचारा. शिवाय पहिल्या वर्षाला आलेल्यांपैकी शेवटच्या वर्षापर्यंत किती पोचले, हेही विचारा. हा आकडा कोणी छापत नाही, आणि आमच्या मते सगळ्यात बोलका तोच आहे.

वेळापत्रकही बघा. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग ठेवले होते. आपल्या वस्तीतली कितीतरी मुले आजही काम करून शिकतात.

आता फीविषयी. एकाच महाविद्यालयात बी.कॉम. अनुदानित आणि बी.एम.एस. विनाअनुदानित असू शकते. फीत मोठा फरक पडतो. व्यावसायिक अभ्यासक्रमाला कॅप फेरीतून प्रवेश घेतला तरच अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती किंवा फ्रीशिप लागू होते, संस्था स्तरावरच्या प्रवेशाला नाही. “आत्ता सीट अडवा, स्कॉलरशिपचं नंतर बघू,” असे कोणी म्हणाले तर पैसे भरण्याआधी समाजकल्याणच्या जिल्हा कार्यालयात जाऊन विचारा.