तोफेचा आवाज न ऐकलेले नागपूर

दुसऱ्या महायुद्धात नागपूरवर एकही बॉम्ब पडला नाही. शत्रूचे सैन्य विदर्भाच्या आसपासही फिरकले नाही. तरीही १९३९ ते १९४५ या सहा वर्षांत या शहरातले सरकार, बाजारभाव, खिशातली नाणी आणि दलित समाजाचे राजकारण, सारेच बदलले. मोठे आधुनिक युद्ध रणभूमीपासून दूर असलेल्या समाजालाही कसे ढवळून काढते, ते इथे चांगले पाहता येते.

युद्धाची मुळे दूरची होती. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर जाचक अटी लादल्या. १९२९च्या मंदीने तिथल्या बेकारांची संख्या वाढवली आणि या दोहोंच्या आधाराने हिटलर सत्तेवर आला. पूर्वेकडे जपानने १९३१ मध्येच मांचुरिया गिळला होता. १९३८ मध्ये म्युनिकला झेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडून देऊन शांतता विकत घेण्याचा प्रयत्न झाला. ती वर्षभरही टिकली नाही. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनी पोलंडमध्ये घुसला. ३ सप्टेंबरला ब्रिटनने युद्ध पुकारले आणि त्याच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतही युद्धात असल्याचे जाहीर करून टाकले. एकाही भारतीय लोकप्रतिनिधीला त्यांनी विचारले नव्हते.

नागपूर तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होते. तिथे पंडित रविशंकर शुक्ल यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ होते. या एकतर्फी घोषणेच्या निषेधार्थ नोव्हेंबर १९३९ मध्ये त्याने राजीनामा दिला आणि १९३५च्या भारत सरकार कायद्याच्या कलम ९३ खाली कारभार गव्हर्नरच्या हाती गेला. निवडून आलेले सरकार प्रांताला पुन्हा मिळाले ते १९४६ मध्ये. जोडीला भारत संरक्षण कायदा आला आणि युद्धाविरुद्ध बोलणे हाच गुन्हा ठरला. बोलण्याच्या याच हक्कासाठी १७ ऑक्टोबर १९४० रोजी वर्ध्याजवळच्या पवनारला विनोबा भावे यांनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला.

पहिली दोन वर्षे सामान्य माणसाला युद्ध वर्तमानपत्रापुरतेच होते. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि ते दाराशी आले. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून. ६ एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकीनाडावर बॉम्ब पडले. ब्रिटिशांना आपले रक्षण करता येत नाही, ही भावना देशभर पसरली. ऑगस्टच्या ‘भारत छोडो’ उठावामागे स्वातंत्र्याच्या ओढीइतकीच ही भावनाही होती, हे विसरता कामा नये. ९ ऑगस्टला नेते तुरुंगात गेल्यावर नागपुरात जाळपोळ आणि गोळीबार झाला. १६ ऑगस्टला विदर्भातल्या चिमूर आणि आष्टी येथे पोलिसांच्या गोळ्यांनी गावकरी मेले आणि संतापलेल्या जमावाने अधिकारी व पोलीस मारले. चिमूरवर नंतर झालेल्या अत्याचारांच्या चौकशीसाठी गांधीजींचे अनुयायी प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केले. खंजिरी घेऊन भजने म्हणणारे तुकडोजी महाराजही सरकारला धोकादायक वाटले. त्यांना नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत ठेवले गेले. याच उठावातल्या सहभागाबद्दल नागपूरच्या शंकर महाले यांना जानेवारी १९४३ मध्ये फाशी झाली.

ज्यांनी राजकारणात कधी भाग घेतला नाही, त्यांच्या घरात युद्ध शिरले ते महागाईच्या वाटेने. ब्रिटन भारतात माल खरेदी करी आणि त्याची किंमत लंडनमध्ये पौंडांच्या रूपाने भारताच्या नावे मांडून ठेवी. त्या पौंडांच्या भरवशावर रिझर्व्ह बँक इथे नोटा छापी. युद्ध संपेपर्यंत चलनातल्या नोटा सुमारे सहापट झाल्या आणि लंडनमधली भारताची येणे रक्कम सुमारे १३० कोटी पौंडांवर गेली. कर्जदार भारत अशा तऱ्हेने ब्रिटनचा सावकार झाला खरा, पण त्याचा चटका बसला तो ठरावीक पगारावर जगणाऱ्यांना. नोटा वाढत होत्या आणि विकत घ्यायला माल नव्हता. लोकांनी चांदीचे रुपये दडवले, तेव्हा १९४० मध्ये सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि एक रुपयाची कागदी नोट काढली. १९४३ पासून तांबे वाचवण्यासाठी भोकाचा पैसा आला. ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला, गिरण्यांचे कापड लष्कराकडे वळले. १९४३च्या कापड नियंत्रण आदेशाने कापडावर कमाल किंमत छापणे सक्तीचे झाले. रेशनकार्ड, कंट्रोलचे दुकान आणि काळाबाजार हे शब्द याच काळात घरोघरी पोचले. बंगालमध्ये त्याच वर्षी लाखो माणसे अन्नावाचून मेली. युद्धकाळात भाव आणि पुरवठा हाताबाहेर गेले की काय होते, याचा तो सर्वांत भीषण नमुना.

युद्धाला माणसेही हवी होती. १९३९ मध्ये सुमारे दोन लाखांची असलेली भारतीय फौज १९४५ पर्यंत पंचवीस लाखांवर गेली. एवढी भरती करताना मोजक्याच जाती लढाऊ असतात हा ब्रिटिशांचा लाडका ‘लढवय्या जातीं’चा सिद्धान्त टिकणे शक्य नव्हते. महारांसाठी लष्कराचे दरवाजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाले होते. पहिल्या महायुद्धात १९१७ मध्ये १११ महार्स ही पलटण उभी राहिली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या अन्यायाचा पाठपुरावा केला. ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली, पुढच्या वर्षी कामठीला दुसरी. गावात ज्या घराला विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, त्या घरातला मुलगा आता गणवेश, नियमित पगार आणि शिक्षण घेऊन सुट्टीवर येऊ लागला.

जुलै १९४२ मध्ये नागपूरला भरलेल्या परिषदेत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या दलितांच्या पक्षाची स्थापना झाली. त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. कारखाने बंद पडणे सरकारला युद्धकाळात परवडणारे नव्हते, त्यामुळे कामगारांच्या मागण्यांना वजन आले होते. सरकार, मालक आणि कामगार यांना एकत्र बसवणारी त्रिपक्षीय परिषद १९४२ मध्येच सुरू झाली. सैन्यातून सुटलेल्यांना काम मिळावे म्हणून सेवायोजन कार्यालये निघाली, आणि १९४६ मध्ये कारखान्यांतला आठवडा ४८ तासांचा झाला. महायुद्ध नसते तर हे इतक्या लवकर झाले असते, असे म्हणणे कठीण आहे.

शांतता आल्यावर युद्धकाळातले सगळेच काही गेले नाही. तात्पुरती म्हणून आणलेली भावनियंत्रणे पुढे १९५५च्या अत्यावश्यक वस्तू कायद्यात उतरली आणि रेशनकार्ड आजही घरात आहे. महायुद्धात ब्रिटिश हवाईदलाने वापरलेला नागपूरच्या सोनेगावचा तळ १९४९ मध्ये रात्रीच्या विमानटपालीचे केंद्र झाला. देशाच्या चारही दिशांची टपाल घेऊन येणारी डाकोटा विमाने युद्धानंतर उरलेल्या साठ्यातली होती.