एक कॉफी प्यायला, एक रोल धुवायला

मालेगाव हे चहाचं गाव. यंत्रमागाच्या पाळ्या चहावर चालतात, सौदे चहावर ठरतात आणि भांडणंही चहावरच मिटतात. आमच्या घरी कॉफी व्हायची ती खास पाहुणा आला तर, नाहीतर थंडीच्या दिवसांत रात्रीची जेवणं उरकल्यावर. दूध आटवून, साखर सढळ हाताने टाकून, वरून जायफळ किसून. त्या वासाशी माझ्या मनात एक चामड्याची पेटी कायमची जोडली गेली आहे. वडील ती कपाटाच्या वरच्या कप्प्यातून काढायचे, आतला काळा कॅमेरा मांडीवर घ्यायचे आणि जुन्या धोतराच्या मऊ तुकड्याने पुसत बसायचे. शेजारी कप. आम्हा मुलांना हात लावायची परवानगी नव्हती.

तो कॅमेरा म्हणजे आग्फा क्लिक-थ्री. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये तयार झालेला. त्या काळातल्या कित्येक मध्यमवर्गीय घरांतला हा पहिला कॅमेरा. 120 नंबरचा रोल, त्यावर 6 बाय 6 सेंटिमीटरचे 12 चौकोनी फोटो. बॅटरी नाही, मीटर नाही, फोकसची कटकट नाही. ऊन असेल तर सूर्याच्या चित्रावर खूण आणायची, आभाळ भरलं असेल तर ढगाच्या. मागच्या लाल काचेत पुढचा आकडा दिसेपर्यंत रोल फिरवायचा, आणि फिरवायचं विसरलं तर एका फोटोवर दुसरा बसायचा. आमच्या अल्बममध्ये आजीच्या मांडीवर मोसम नदीचा पूल आला आहे, तो असाच.

बाराच फोटो असल्यामुळे माणसं ते जपून खर्च करत. रोल संपायला कधी दिवाळी ते गुढीपाडवा लागे. मग तो स्टुडिओत धुवायला द्यायचा आणि आठ-दहा दिवस वाट पाहायची. आज मोबाइलवर एका दुपारी शंभर फोटो निघतात आणि त्यातला एकही पुन्हा पाहिला जात नाही. जुन्या कॅमेऱ्यात मला मोलाची वाटते ती ही काटकसर. बटण दाबण्याआधी समोरच्या माणसाकडे नीट पाहावंच लागतं.

अडचण पुढे आहे. कॅमेरा चालू असतो, रोलही मागवता येतो. पण तो धुणार कोण? मी विचारलं तिथे तिथे दुकानदारांनी मान हलवली. डार्करूमच्या जागी कुठे झेरॉक्सचं यंत्र आलं, कुठे मोबाइलची कव्हरं लटकली. एकदा लांबच्या शहरातल्या एका लॅबकडे रोल पाठवला, तो उजेड लागून पूर्ण काळा पडून परत आला. त्या बाराही फोटोंतली माणसं माझ्या ओळखीची होती. त्या दिवशी ठरवलं की रोल घरी धुवायचा. आणि तो शोध घेताना हाती लागली कॉफी.

1995 साली अमेरिकेत रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये स्कॉट विल्यम्स या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना घेऊन घरगुती वस्तूंपासून डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं द्रावण, करून पाहिला. रॉचेस्टर म्हणजे कोडॅकचं गाव. फोटोची रसायनं जिथून जगभर गेली, तिथेच इन्स्टंट कॉफी आणि धुण्याच्या सोड्यात फिल्म धुतली गेली. या मिश्रणाला पुढे कॅफेनॉल हे नाव रुळलं. नंतरच्या हौशी मंडळींनी त्यात क जीवनसत्त्वाची भर घातली, त्यामुळे वेळ कमी लागू लागला आणि चित्रं अधिक स्वच्छ येऊ लागली.

नावावरून वाटतं की काम कॅफीन करतं. तसं नाही. फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षाराचे बारीक कण असतात. ज्या कणांवर उजेड पडतो त्यांच्यात सूक्ष्म बदल होतो, पण डोळ्यांना काहीच दिसत नाही. डेव्हलपरने त्या कणांना इलेक्ट्रॉन दिले की त्यांची काळी, शुद्ध चांदी होते आणि चित्र उमटतं. कॉफीत कॅफेइक आम्लासारखी फिनॉल गटातली द्रव्यं असतात, ती हे काम करतात. मात्र त्यांना अल्कधर्मी पाणी लागतं, म्हणून सोडा. एकट्या कॉफीला फार वेळ लागतो, म्हणून क जीवनसत्त्वाची जोड. चहातही अशी द्रव्यं आहेत आणि चहाने रोल धुणारेही लोक आहेत. मालेगावकरांना हे ऐकून बरं वाटेल.

प्रमाण सांगतो. एक लिटर पाण्याला 54 ग्रॅम धुण्याचा सोडा, 16 ग्रॅम क जीवनसत्त्वाची शुद्ध पूड आणि 40 ग्रॅम इन्स्टंट कॉफी. क्लिक-थ्रीच्या एका रोलला अर्धा लिटर पुरतं, म्हणजे सगळं निम्मं. सोडा कोरड्या पुडीचा हवा. खड्यांचा असेल तर त्यात पाण्याचा अंश असतो, म्हणून तो पावणेतीन पट घ्यावा लागतो. खाण्याचा सोडा मुळीच चालत नाही. तो पुरेसा अल्कधर्मी नसतो. माझा पहिला रोल त्यानेच कोरा निघाला. कॉफी सर्वांत स्वस्तातली घ्या, फक्त चिकोरी नसलेली. महागड्या अरेबिकापेक्षा साध्या रोबस्टात ही द्रव्यं जास्त असतात. चांगली कॉफी प्यायला ठेवा.

आधी सोडा विरघळवायचा, मग क जीवनसत्त्व. तेव्हा भांड्यात फसफसून फेस येतो. तो बसला की कॉफी. जो वास सुटतो तो जायफळाच्या कॉफीच्या जवळपासही जात नाही. सडलेल्या गवतासारखा उग्र वास असतो, घरातली माणसं खिडक्या उघडतात. भांडी, चमचा, गाळणं सगळं वेगळं ठेवायचं. स्वयंपाकघरात परत न्यायचं नाही. हातमोजे घालायचे. रोल धुण्याच्या उजेडबंद डब्यात भरायचा तो रात्री, दिवे बंद करून, गोधडीखाली हात घालून. एकदा डब्याचं झाकण लागलं की उजेडात काम करता येतं. 20 अंशाला 15 मिनिटं, दर मिनिटाला थोडं हलवायचं. मग पाण्याने खळबळून हायपो. इथे कॉफीची मात्रा चालत नाही. न वापरलेली चांदी काढून चित्र पक्कं करायचं काम हायपोच करतो, त्याला घरगुती पर्याय शोधू नका.

आणि 20 अंश ही मालेगावात सोपी गोष्ट नाही. मे महिन्यात नळाचं पाणी हाताला चटका देतं. कोमट सोड्यात जिलेटिन मऊ पडून सुटू लागतं. उन्हाळ्यात मी बर्फाच्या घमेल्यात डबा ठेवतो. खरा मोसम डिसेंबर-जानेवारीचा, पहाटेचा. आणखी एक गोष्ट कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. ओली निगेटिव्ह वाळत घालायची ती शुक्रवारी. त्या दिवशी माग बंद असतात, हवेत सुताची कुसं कमी असतात. इतर दिवशी वाळवली की फोटोत आभाळभर पांढरे धागे दिसतात.

घरात फिल्म धुण्याची ही रीत आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या माणसांना नवी नाही. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले, म्हणजे पुढे ज्या शहरात क्लिक-थ्री तयार झाला तिथेच. गोध्र्यात त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय केला. 1912 मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले आणि 1913 च्या मे महिन्यात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. त्या वेळी कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडलेली नसायची. ती पाडली सरस्वतीबाई फाळक्यांनी, अंधारात, घरी. आणि फिल्म धुण्यातही त्यांचा हात होता. शिवाय युनिटच्या माणसांचा स्वयंपाक त्यांच्याकडेच. भारतीय सिनेमाच्या सुरुवातीच्या प्रयोगशाळेत दिवसा भाकरी थापली जात होती, हे आपण पुरेशा मोठ्याने सांगत नाही. सरस्वतीबाईंचं नाव फाळक्यांच्या नावाइतकंच मुलांना माहीत असायला हवं.

मालेगावचा कॅमेरा म्हटलं की बाहेरच्यांना ‘मालेगाव के शोले’ हा सिनेमा आठवतो. शेख नासिर यांनी 2000 मध्ये तो केला, पुढे फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटाने आणि 2025 मध्ये रीमा कागती यांच्या ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ने ही गोष्ट दूरवर नेली. तो कॅमेरा व्हिडिओचा, फिल्मचा नव्हे. पण ट्रॉली नाही तर सायकल, क्रेन नाही तर बैलगाडी, ही त्या मंडळींची वृत्ती तीच. आहे त्या सामानात चित्र उभं करायचं. कॅफेनॉलचा डबा हलवताना मला ते सगळे जवळचे वाटतात.

वडील गेल्यानंतर त्यांची पेटी मी उघडली तेव्हा लाल काचेत 9 हा आकडा होता. आत रोल होता, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’. तो कारखाना आता बंद आहे. रोल किती वर्षं तसाच होता कोण जाणे. जुन्या फिल्मवर धुकं चढतं, म्हणून मिश्रणात लिटरला 1 ग्रॅम पोटॅशियम ब्रोमाइड टाकलं आणि पहाटे डबा हलवायला घेतला. नऊपैकी चार फोटो आले. अंगणातली दोरी आणि तिच्यावर वाळत घातलेली लुगडी. भिंतीला टेकवलेली सायकल. एक चेहरा, तो कोणाचा ते घरात कोणालाच ओळखता आलं नाही. चौथ्यात आई, उन्हाने डोळे बारीक केलेली. निगेटिव्हवर कॉफीचा किंचित तपकिरी डाग राहिला आहे. मोबाइलच्या पांढऱ्या पडद्यावर ती ठेवून आम्ही सगळ्यांनी पाहिली, आणि त्या दिवशी जायफळाची कॉफी दोनदा झाली.

तुमच्याही घरात माळ्यावर, ट्रंकेत, आजोळच्या कपाटात असा एखादा कॅमेरा असेल. शोकेसमध्ये ठेवण्यासाठी त्याला पॉलिश करू नका. मागचं झाकण घाईने उघडू नका. आधी लाल काचेत पाहा, रोल फिरवायची कळ हळूच फिरवून बघा. ताण लागला तर आत रोल आहे. असेल तर अंधारात काढा, काळ्या कागदात गुंडाळा आणि थंडी पडेपर्यंत जपा. रंगीत असला तरी कॉफीत तो कृष्णधवल म्हणून धुता येतो. नवा रोल भरायचा विचार नंतर करा, आधी तो धुवा.