टपालाने शिकणारे शिक्षक

जो सुतारकामात तरबेज आहे त्याला शाळेत शिक्षक म्हणून उभे केले, तरी आपले कसब चाळीस मुलांच्या हाती कसे उतरवावे, हे त्याला ठाऊक असतेच असे नाही. वेतन आणि बढती मात्र पदवीकडे पाहून ठरते. पदवीसाठी वर्षभर महाविद्यालयात जावे, तर घर कोणी चालवावे आणि वर्ग कोणी घ्यावा? नव्याने स्वतंत्र झालेल्या कितीतरी देशांपुढे हा पेच होता.

आपल्याकडे त्याला निकड आली ती मुदलियार आयोगानंतर. १९५२-५३ च्या या आयोगाने बहुउद्देशीय शाळांची शिफारस केली. शेती, वाणिज्य, तंत्रविद्या हे विषय शाळेत आले. शिक्षक त्या वेगाने आले नाहीत. ते घडविण्यासाठी देशात चार प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये निघाली. दक्षिणेचे म्हैसूरला, १९६३ साली. महाराष्ट्राच्या वाट्याला भोपाळ आले. पण महाविद्यालयात मावणार किती? म्हणून १९६६ पासून या महाविद्यालयांनी नोकरीतील अप्रशिक्षित शिक्षकांसाठी बी.एड.चा नवा मार्ग काढला. दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्या महाविद्यालयात घालवावयाच्या. मधल्या काळात पाठ टपालाने घरी येत आणि शिक्षक स्वाध्याय लिहून परत पाठवीत. पॅलेस्टिनी निर्वासितांच्या शिक्षकांसाठी बैरूतच्या संस्थेनेही १९६४ पासून अशाच जोडणीचा आधार घेतला होता.

या पद्धतीचे मर्म पाकिटात नाही, दोन उन्हाळ्यांच्या मधल्या काळात आहे. सोमवारी वाचलेली युक्ती मंगळवारी स्वतःच्याच वर्गात पारखता येते. ही सोय वसतिगृहात राहणाऱ्याला कोठून? मात्र स्वाध्यायाच्या समासात तपासनिसाने काय लिहिले, यावर सारे अवलंबून. नुसती बरोबरची खूण आली, तर तिकिटाचे पैसे वाया गेले म्हणावयाचे.

म्हैसूरला दुरून शिकविण्याचे अप्रूप नव्हते. १९३५ साली मानसशास्त्राचे प्राध्यापक गोपालस्वामी यांनी राहत्या घरी नभोवाणी केंद्र चालविले आणि त्याला नाव दिले 'आकाशवाणी'. १९६९ साली म्हैसूर विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षणाची संस्था काढली. तिचेच १९९६ मध्ये कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ झाले. आज पाठ क्षणात पोहोचतो. रंधा कोणत्या कोनात धरावा, हे दाखविण्यासाठी मात्र शिक्षकाला अजूनही कार्यशाळेत बोलवावे लागते, आणि त्या चार दिवसांची रजा त्याला मिळेलच, याची खात्री नसते.